गोडं पाणी

“लायब्ररीत आहेस का तू?” आई ओरडली. “तोंडाने सांग ना! मला कसं कळणार?”

लोखंड तापलं म्हणून मी तिच्या कोपराला बोट लावून खूण केली होती. हेअर ड्रायर चालू असताना काही सांगायचं म्हणजे ओरडावं लागलं असतं, आणि नवघरमधल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर, चारी बाजूंच्या खिडक्या उघड्या असताना, ओरडणं मला जमण्यासारखं नव्हतं. आईने घाईघाईने सांडशीतलं लोखंड विस्तवातून काढलं, रुळाच्या तुकड्यावर ठेवलं आणि हातोडा मारला. पहिला घाव लोखंडावर बसला, दुसरा रुळावर. समोरच्या छज्ज्यावरची कबुतरं उडाली.

“थंड झालं. तुझ्या खाणाखुणा होईपर्यंत थंड झालं बघ.”

तिने ते परत कोळशात खुपसलं. आमची भट्टी म्हणजे ट्रकचा जुना ब्रेकड्रम. तो तिने काशीमीऱ्याच्या एका गॅरेजमधून बाबांना न सांगता रिक्षात घालून आणला होता. लोखंड म्हणजे त्याच गॅरेजमधली झिजलेली कानस. कोळसा हायवेवरच्या ढाब्याचा, ऐरणीच्या जागी भंगारवाल्याकडचा रुळाचा तुकडा, आणि भात्याच्या जागी माझा हेअर ड्रायर, पुढे लोखंडी नळी जोडलेला. तो मला ऑफिसच्या मैत्रिणींनी वाढदिवसाला दिला होता. मी तो एकदाही केसांना लावला नव्हता.

साडीवर तिने बाबांचा जुना फुल शर्ट चढवला होता. ठिणग्यांनी त्याला बारीक भोकं पडली होती.

आई रत्नागिरीकडच्या लोहाराची मुलगी. हे आमच्या घरात लपवलेलं नव्हतं, पण त्याबद्दल कधी बोलणंही व्हायचं नाही. लग्न होईपर्यंत तिने आप्पांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, भट्टीवर भाता ओढला होता. कोयते, विळे, सुऱ्या, नांगराचे फाळ, सगळं तिच्या वाऱ्यावर तापलं. पण मुलींनी भाता ओढायचा, हातोड्याला हात लावायचा नाही. शिमग्याला ती गावी गेली, तेव्हा भट्टीच्या जागी आत्माराममामाची स्कूटर उभी होती. मामा आता खिडक्यांच्या ग्रिलची वेल्डिंगची कामं करायचा. कोपऱ्यात पडलेली आप्पांची सांडशी आणि हातोडा तिने मागून घेतला आणि एसटीने आणला.

“सुरी करणार आहे,” तिने घरात जाहीर केलं.

“घरात चार सुऱ्या आहेत, मनोरमा,” बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले होते.

“त्या मी केलेल्या नाहीत.”

बाबांनी पेपराचं पान उलटलं. गच्चीवर मात्र ते आले नाहीत. सरकारी कचेरीत नोकरी करून निवृत्त झालेल्या माणसाची बायको गच्चीवर घाव घालते, हे त्यांना पाहायचं नसावं. किंवा गुडघे दुखत असावेत. त्यांचं काही सांगता यायचं नाही.

आई पुन्हा विस्तवाकडे बघत होती. म्हणजे बघितल्यासारखं करत होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ऑपरेशन ती पावसाळ्यावर ढकलत होती.

“मला सगळंच लाल दिसतं,” ती म्हणाली. “म्हणून तर तुला बसवलंय. ठोकायला केशरी रंग चालतो, पण पाणी देताना, तापलेलं पातं पाण्यात बुडवताना, नीट बघायचं. पिकल्या रातांब्याचा रंग. त्याच्या अलीकडे नको, पलीकडे नको. रंग आला की भात्यावरच्याने ओरडायचं, ‘आला!’ आप्पा तिकडे तोंड करून पाण्याची तयारी करत असायचे. मी ओरडले की वळायचे नि उचलायचे. माझा आवाज खालच्या वाडीपर्यंत जायचा.”

“मी हात लावून सांगितलं तर नाही चालणार?”

“चटका बसेल, बाई. तू माझ्या हाताला हात लावायचा, मी दचकायचं, आणि सांडशी तुझ्या पायावर.” ती हसली. “नीलू, एक शब्द आहे फक्त. ‘आला.’ एवढी पुस्तकं वाचतेस, त्यात नाही का हा शब्द?”

मीही हसले. ओरडले मात्र नाही.

तेवढ्यात गच्चीच्या दारात खालच्या मजल्यावरच्या मीनलबेन उभ्या राहिल्या. हातात पापडांचं ताट, चेहऱ्यावर प्रश्न.

“मनोरमाबेन, ये क्या चालू किया तुमने? मेरे पापड पे पूरा काला काला आ गया.”

“अरे, काला नहीं है वो, कोयले का राख है,” आई म्हणाली. “झटक दो, चला जाएगा. तुमको एक सुरी बना के देगी मैं.”

“मेरे को सुरी नहीं चाहिए, पापड चाहिए.” पण त्या आत आल्या, ताट कठड्यावर ठेवलं आणि वाकून बघू लागल्या. “हाय हाय, कितना लाल! तुमको डर नहीं लगता?”

“बचपन से देखा है. डर तो सिर्फ सेक्रेटरी का लगता है.”

मीनलबेन इतक्या हसल्या की तक्रार तिथेच संपली.

संध्याकाळ व्हायच्या आत पातं तयार झालं. तयार म्हणजे आकाराला आलं. वालाच्या शेंगेसारखं किंचित बाकदार, मध्ये दोन ठिकाणी घावांचे खड्डे, एका बाजूला जरा जाड. आईने धार काढायच्या जागेवर दुसरी कानस फिरवली आणि पातं उन्हाकडे धरून पापण्या मिचकावल्या.

“वाकडं आहे का गं?”

“थोडं.”

“असू दे. माझं आहे.” तिने अंगठ्याच्या नखाने कड चाचपली. “अजून मऊ आहे. असं ठेवलं तर पहिल्याच नारळाला दुमडेल. पाणी पाजलं की मग खरं.”

पाण्याच्या टाकीच्या सावलीतच आम्ही बसलो होतो. उन्हात रंग कळत नाही म्हणून ती जागा निवडली होती. टाकीच्या खालच्या बाजूला नळ होता. आईने तो सोडला, ओंजळीत थोडं पाणी घेऊन जिभेला लावलं आणि थुंकली.

“बोअरचं. खारट ढाण. नको.”

“त्याने काय होतं?”

“खाऱ्या पाण्यात पातं तडकतं. आवाज येतो बारीक, टिक्. आप्पा भट्टीवर कुणाला बोलू द्यायचे नाहीत तेव्हा. पाणी दिलं की सगळे गप्प बसायचे, टिक् येते का ऐकायला.” तिने नळ बंद केला. “इथे बाजूला मिठागरं, बोअरला दुसरं काय येणार. उद्या नळाला गोडं पाणी येईल. उद्या देऊ.”

“घरात पिण्याचं असेल ना?”

“पिण्याचं लोखंडाला घालू? तुझे बाबा घर सोडून जातील.”

तिने पातं जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून टाकीखाली ठेवलं. शर्ट काढून टाकीच्या पाइपला अडकवला. जिना उतरताना तिने माझा दंड धरला होता, नेहमीसारखा, आधारासाठी नाही असं दाखवत.

“उद्या मी सांडशी धरून उभी राहणार,” ती म्हणाली. “तू ओरडली नाहीस तर पातं जळेल. मग बस आयुष्यभर.”

“बघू.”

रात्री जेवताना तिच्या अंगठ्यावर फोड आलेला दिसला. बाबांनी कपाटातून मलम आणून तिच्या ताटाशेजारी ठेवलं आणि परत जेवायला बसले.

“लावून द्या की,” आई म्हणाली.

बाबांनी डावा हात पुढे करून तिच्या अंगठ्याला मलम लावलं. उजवा हात खरकटा होता. “झाली का लोहारकी?” त्यांनी विचारलं.

“उद्या होईल.”

पाणी वाहण्याच्या आवाजाने मला जाग आली.

आमच्या घरात पाणी वाहण्याचा आवाज येत नाही. दिवसाआड नळ येतो, तेव्हा आई उठते, निळा ड्रम, बादल्या, कळशा एकामागून एक भरते, आणि शेवटचा थेंबसुद्धा कुठल्या तरी भांड्यात पडतो. मी अंथरुणात पडल्या पडल्या ऐकत राहिले. मला वाटलं, शेजारच्यांकडे असेल. मग बाबांच्या चपला वाजल्या.

मोरीत ड्रम भरून वाहत होता. नळाला लावलेली पाइप ड्रममधून बाहेर पडून फरशीवर वळवळत होती. आई भिंतीला टेकून बसली होती, पाय पुढे पसरून. परकर भिजला होता. डोळे उघडे होते, आणि चेहरा असा होता, की कुणीतरी तिला हाक मारली आहे आणि ती ओ देणार आहे.

बाबांनी आधी नळ बंद केला. मी ते पाहिलं. आजही मला त्यात काही चुकलं असं वाटत नाही. त्या घरात कुणीही तेच केलं असतं. मग ते वाकले आणि म्हणाले, “मनोरमा, उठ. थंड आहे फरशी.”

तळमजल्यावरचे डॉक्टर लेंग्यावरच धावत आले. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्यांत टॉर्च मारला, पुन्हा नाडी पाहिली. “हृदय,” ते म्हणाले. “झटका एकदम आलेला असणार. काही जड उचललं होतं का त्यांनी?”

“नाही,” बाबा म्हणाले. “पाइपनेच भरते ती. काही उचलत नाही.”

“बरं,” डॉक्टर म्हणाले.

मामाच्या शेजाऱ्यांच्या मोबाइलवर मी फोन केला. माझा आवाज इतका नेहमीचा होता की पलीकडच्या बाईंनी विचारलं, “काय गं, येतेस का गावाला?”

सुगंधाआत्या, बाबांची मोठी बहीण, दुपारच्या आत डोंबिवलीहून आली. आईला बाहेरच्या खोलीत निजवलं होतं. आत्याने देवघरातला गंगाजलाचा गडू फोडला, तुळशीचं पान बुडवून आईच्या ओठांवर धरलं. पाणी आत गेलं नाही. हनुवटीवरून कानाकडे ओघळलं. आत्याने ते पदराने टिपलं आणि माझ्याकडे वळली.

“पाणी मिळालं का गं?”

“नाही,” मी म्हणाले. “आज देणार होतो. कालचं खारं होतं.”

खोलीतल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. आत्याने माझं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं आणि थोपटायला लागली. मला कळत होतं की मी काहीतरी चुकीचं बोलले आहे, पण काय ते कळत नव्हतं. मी पुन्हा म्हणाले, “तडकलं असतं ना, आत्या.”

“हो बाळा,” आत्या म्हणाली. “हो.” आणि कुणाला तरी हळूच सांगितलं, “पोरीला आत न्या. मनाला लावून घेतलंय तिने.”

मामा संध्याकाळी पोचला, तोवर आईला थांबवून ठेवलं होतं. तिला नेल्यावर आत्याने कासोटा मारला आणि घरातलं पाणी ओतायला घेतलं. मृत्यू झालेल्या घरातलं साठवलेलं पाणी ठेवत नाहीत. कळशा, हंडे, पिण्याचा माठ, बादल्या. निळा ड्रम तिने आणि आणखी एका बाईने मिळून कलंडवला. काठोकाठ भरलेलं पाणी मोरीत मावेना, ते उंबऱ्यावरून बाहेरच्या खोलीत आलं. मीनलबेन दारात रडत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “इतना मीठा पानी...” आणि तोंडावर हात ठेवला.

त्या रात्री सगळी इमारत आम्हाला तांब्या-तांब्या पाणी देऊन गेली.

मामा स्मशानातून आला. आत्याने त्याला माझं सांगितलं असावं, कारण तो माझ्याजवळ येऊन खाली बसला.

“पातं कुठाय?” त्याने विचारलं.

एवढ्या माणसांत त्या एकाला कळलं होतं. मी रडले ती तेव्हा, पहिल्यांदा.

दिवसांचं सगळं होईपर्यंत मामा राहिला. जायच्या दिवशी मी त्याला वर नेलं. त्याने चिंधी सोडून पातं हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, घावांच्या खड्ड्यांवरून बोट फिरवलं.

“उजवीकडे कलंडतो हात बायचा,” तो म्हणाला. त्यांच्याकडे आईला सगळे बाय म्हणत. “आप्पांनी बघायला पायजे होतं.”

“तू देशील पाणी?”

त्याने पातं परत गुंडाळलं. “नाय. तिने हातोडा मागितलान आप्पांकडे, तेव्हा मी हसलो होतो. मोठ्याने हसलो होतो. मी हात नाय लावणार ह्याला.” मग चिंधीला गाठ मारत म्हणाला, “पण एकटीने करू नको. एक भात्यावर, एक सांडशीवर. दोघं लागतात.”

आत्या निघताना उंबऱ्याशी थांबली. “ते वरचं लोखंडाचं सगळं भंगारवाल्याला दे, नीलम. अर्धवट हत्यार घरात ठेवू नये. ज्याचं अडकलंय त्याचा जीव त्यात राहतो.”

“तिच्या जीवाला आणखी कुठे राहायला जागा आहे?” बाबा म्हणाले. इतक्या दिवसांतलं त्यांचं ते सर्वांत लांब वाक्य होतं.

पाण्याची बाजू आता बाबा बघायचे. नळ आला की ते ड्रमपाशी उभे राहायचे, हात नळावर ठेवून, आणि ड्रम अर्धा भरला की बंद करायचे. मी एकदा म्हटलं, “बाबा, भरू दे की पूर्ण.” ते म्हणाले, “पुरतं आपल्याला.”

एका रविवारी चहाचा कप खाली ठेवून ते म्हणाले, “भात्यावर तू असतेस ना?”

“हो.”

“मग सांडशी मी धरतो.”

जिन्यात ते दर मजल्यावर थांबले. गच्चीवर आल्यावर त्यांनी ब्रेकड्रमकडे, रुळाकडे, ड्रायरच्या नळीकडे पाहिलं, जणू परक्या माणसाच्या घरात आले आहेत. पाइपला त्यांचा शर्ट तसाच अडकवलेला होता. त्यांनी तो काढला, भोकांत एक एक बोट घालून पाहिलं आणि अंगातल्या बनियनवर चढवला.

मी पाणी आणायला खाली जाणार होते. सकाळी नळ येऊन गेला होता. बादली ठेवायला जागा करावी म्हणून टाकीखालची विटांची रास बाजूला सारली आणि मागे पत्र्याचा डबा दिसला. आमच्या स्वयंपाकघरातला, तेलाचा, वरून कापून कडी लावलेला. वर ताटली उपडी घातलेली आणि ताटलीवर अर्धी वीट. कावळ्यांनी तोंड घालू नये म्हणून.

मी ताटली उचलली. डबा भरलेला होता.

मी बोट बुडवून जिभेला लावलं. पुन्हा लावलं.

“काय आहे?” बाबांनी विचारलं.

“गोडं आहे.”

त्यांना कळायला वेळ लागला. मलाही लागला होता. पाऊस नव्हता. टाकीचं पाणी खारं. गच्चीवर गोडं पाणी आपोआप येत नाही. त्या सकाळी नळ आल्यावर तिने निळ्या ड्रमच्या आधी, माठाच्या आधी, हा डबा भरला होता. भरलेला डबा तिने वर आणून ठेवला होता, जिन्यावरून, एकटीने, आम्ही झोपलेलो असताना. मग खाली जाऊन घराचं पाणी भरायला घेतलं होतं.

बाबा वाकले. त्यांनी डब्याची कडी धरली आणि डबा जमिनीपासून थोडा वर उचलला. पाणी हिंदकळलं. त्यांनी तो सावकाश खाली ठेवला आणि हात कडीवरच राहू दिला.

“डॉक्टर विचारत होते,” ते म्हणाले.

मी हातातली ताटली विटांवर ठेवली.

“मी म्हटलं, नाही. काही उचलत नाही ती.”

खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. ती लागत नव्हती. बराच वेळ तोच आवाज येत राहिला.

“आत्या म्हणाली होती, घरातलं सगळं पाणी ओतायचं,” बाबा म्हणाले. “हे राहिलं.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “ओतायचं का?”

“नको.”

“नको,” ते म्हणाले.

मी कोळसा पेटवला. धूर डोळ्यांत गेला, तो बराच वेळ जाईना. ड्रायर लावल्यावर कोळशांच्या पोटात उजेड पडायला लागला. बाबांनी आप्पांची सांडशी दोन्ही हातांनी धरली होती, एखादी फाइल धरावी तशी. मी त्यांची पकड बदलून दिली. पातं विस्तवात ठेवलं आणि डबा त्यांच्या उजव्या पायाशी सरकवला.

“मी सांगेन तेव्हा उचलायचं,” मी म्हणाले. “सरळ पाण्यात, टोक खाली. आणि मग बोलायचं नाही.”

“का?”

“ऐकायचं असतं.”

त्यांनी मान हलवली आणि डब्याकडे तोंड करून उभे राहिले. ते विस्तवाकडे बघत नव्हते. त्या पाण्याकडे बघत होते.

पातं आधी काळंच राहिलं. मग कडेला मळकट तांबूस झालं, मग विटकरी. तो रंग टोकाकडून मुठीच्या जागेकडे सरकायला लागला. मी ड्रायर थोडा मागे घेतला, जसा ती घ्यायला सांगायची. मामाच्या अंगणात मे महिन्यात रातांब्यांची रास पडलेली असायची. आई फळ हाताने फोडायची आणि तिची बोटं दिवसभर तशीच राहायची. मी त्या बोटांकडे बघावं तसं पात्याकडे बघत होते. पातं सगळीकडून एकसारखं झालं. घावांचे दोन्ही खड्डेसुद्धा भरल्यासारखे दिसायला लागले.

“आला,” मी म्हणाले.

बाबा हलले नाहीत. ड्रायरच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नव्हतं. त्यांची पाठ माझ्याकडे होती. शर्टाच्या भोकांतून बनियन दिसत होतं. रंग थांबणार नव्हता. समोरच्या खिडकीत एक बाई कपडे वाळत घालत होती, गच्चीच्या दारात मीनलबेन कधीच्या येऊन उभ्या होत्या. मी तोंड उघडलं, आणि जो आवाज निघाला तो खालच्या वाडीपर्यंत गेला असता.

“आला! आला गं आई! पाणी दे!”